एक सोडून

ता. ६ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

दर रविवारी फोन होतो, तरी हे पत्र. फोनवर तुम्ही बरं आहे याच्या पुढे सरकत नाही, आणि मापं तोंडी सांगायची नसतात, कागदावरच उतरवायची, हा कायदा तुमचाच. मला मापं हवी आहेत. का हवीत ते सांगते, पण आधी कबूल करा की हसणार नाही.

मी एक प्लायवूडची अख्खी फळी आणली, आठ बाय चार. पलंग करायचाय. तुमच्यासाठी. तीन वर्षांत तुम्ही तीनदा येतो म्हणालात आणि तीनदा काहीतरी निघालं. म्हटलं, झोपायची सोयच करून ठेवते, म्हणजे निदान ते निमित्त तरी संपेल. ऑफिसात दिवसभर मी कपाटं आणि टेबलं कॉम्प्युटरवर काढते, पण एकाही लाकडाला हात लागत नाही. तळहात अगदी बाईसाहेबांसारखे झालेत. तेही एक कारण आहेच.

निघताना तुम्ही दिलेलं सुतारकामाचं घडीचं बाक मागच्या गॅलरीत उघडलं. त्या जोडीतलं दुसरं तुमच्याकडे आहे, तेव्हा ते किती बुटकं आणि किती अरुंद आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर आठ फुटी फळी टाकली तर दोन्ही टोकं ओल्या चादरीसारखी लोंबायला लागली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त घड्याळजी राहतात, फार भला माणूस. त्यांना म्हटलं, काका, फक्त धरा, उचलू नका, ढकलू नका. जन्मभर चिमट्यानं काम केलेला माणूस, त्यांनी फळीही चिमटीतच धरली! अर्धा काप झाला आणि पाच वाजले. दर तासाला मनगटाकडे बघायची त्यांची सवय. बघितलं. बघायला हात सोडला. करवतीचं पातं फळीत अडकलं, कोपरा चिरफाळला आणि फळी माझ्या पायापासून वीतभर अंतरावर आदळली. काका शांतपणे म्हणाले की बरोबर पाच वाजलेत.

त्या दिवशी कळलं, बाबा, की धरणं हेसुद्धा काम असतं. दहा वर्षांची असल्यापासून मी तुमच्यासाठी फळीचं पलीकडचं टोक धरलं. मला वाटायचं, खरं काम तुम्ही करता आणि मी नुसती उभी असते. शेवटचं चार बोटं अंतर कापायचं राहिलं की तुम्ही मला डोळे मिटायला लावायचात. फळी तुझ्या बाजूनं जड व्हायला लागली की समज काप संपत आला, डोळ्यांनी ते कळत नाही, हातांनी कळतं, असं सांगायचात. अजून मला ते जडपण आठवतं. इथे सगळं मिळतं, पलीकडचं टोक धरणारं माणूस तेवढं मिळत नाही.

तर प्रश्न असा, की मी गेल्यापासून तुम्ही काय करता? कोण धरतं? काही युक्ती असेल तर मापांसकट कळवा. मेअखेर पलंग तयार हवा.

आत्याला नमस्कार. तुमची माया आपल्या कारखान्यातल्या टेपसारखी आहे, टोकाला तुटकी पण लांबीला कमी नाही. ती तशीच राहू द्या.

आपली,
पाचर

——

ता. १९ जानेवारी

चि. पाचर हिस,

अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. माझ्या उजव्या अंगठ्याला पटाशी लागली आहे, किरकोळ आहे, म्हणून मी सांगतो आहे आणि तुझी आत्या लिहिते आहे. ती मधे मधे आपला टाका घालणार हे गृहीत धर. (घालणारच. कागद माझा, पेन माझं, वेळ माझा. — आत्या)

घड्याळजींना माझा नमस्कार सांग. फळी कापताना घड्याळ बघायचं नसतं एवढंच त्यांना समजावून सांग. आणि पाय सांभाळ. लाकूड दुसरं आणता येतं.

तू विचारलंस की आता कोण धरतं. हात धरतात. लाकडाचे. तू गेलीस त्याच आठवड्यात केले. एक गिऱ्हाईक कपाटासाठी अडून बसलं होतं. मी फळी बाकावर टाकली आणि सवयीनं हाक मारली की पाचर, धर गं. समोर भिंत होती, ती काय धरणार? तसाच दाराबाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी हात करायला घेतले. (तीन दिवस जेवण कारखान्यातच पाठवावं लागलं, हे तो सांगणार नाही. — आत्या)

रचना सोपी आहे. दोन लांब रिपा घे, बाकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या बाहेर येतील अशा. त्या तीन आडव्या रिपांनी जोड, खाचेत खाच बसवून, म्हणजे कामाच्या वेळी जोडायचं आणि मग सुटं करून भिंतीला टेकवायचं. मधल्या आडव्या रिपेखाली एक ठोकळा स्क्रूनं बसव. तो ठोकळा बाकाच्या पकडीच्या जबड्यात आवळला की सगळा सांगाडा बाकाशी एकजीव होतो. राहिली चार टोकं. त्यांच्याखाली चार टेकू, बिजागरीवर, आत दुमडणारे. बुटक्या बाकाला लांब हात आणि हातांना पाय, असं सोंग होतं खरं, पण आठ फुटी फळी त्यावर भुईवर पडल्यासारखी निवांत पडते.

मापं अशी, इंचांत. लांब रिपा चौऱ्याऐंशी. आडव्या चोवीस. टेकू एकोणतीस आणि पाव. खाच दीड, ती गुण्याच्या काटकोनी पट्टीवरच आख. मापं काल मी स्वतः कारखान्यात जाऊन आपल्या टेपनं घेतली आहेत, तेव्हा पुढे काय करायचं ते तुला माहीतच आहे.

येण्याचं म्हणशील तर सध्या काम फार आहे. बघू.

जिथे फट दिसेल तिथे घुसायचीस म्हणून तुला पाचर म्हणायला लागलो. तिकडेही तशीच घट्ट बसली असशील अशी आशा आहे. आठवण ठेव.

तुझे,
बाबा

——

ता. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

पटाशी आणि तुम्हाला लागली? ती तर तुमच्या हातातच म्हातारी झाली. तिला ओळख पटली नाही की काय? अंगठा जपा. आत्या, ते तो पाण्यात बुडवतात का बघ.

हात तुम्ही मी गेले त्याच आठवड्यात केलेत, हे मला तीन वर्षांनी कळतंय. ती ओळ मी चारदा वाचली. तेव्हा फोनवर विचारलं होतं तर सगळं बेस चाललंय म्हणाला होतात. असो. हाक ऐकू आली नाही, पण मी ज्या गाडीत बसले होते तिथे मलाही सारखं वाटत होतं की काहीतरी धरायचं राहिलंय.

शनिवारी लाकडाच्या वखारीतून रिपा आणल्या. गाठी नसलेल्या, सरळ, एका डोळ्यानं बघून निवडलेल्या. वखारवाला माझ्याकडे बघतच राहिला. वर चढवायला घड्याळजींनी मदत केली. त्यांना तुमचा निरोप दिला, तर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. आता दर तासाला खिशात हात घालतात.

मी कागदावर प्रत्येक मापातून एक वजा करत होते, ते बघून ते चक्रावले. मग त्यांना आपल्या टेपची कथा सांगितली. कधीकाळी त्यावर सागाचा ओंडका पडला आणि पहिला इंचच तुटून गेला. टेप एकपासून सुरू होतो. त्यावर तीस म्हणजे खरे एकोणतीस. आमचे बाबा नवा टेप घेत नाहीत, का तर पंधरा फूट चांगला असताना एका इंचासाठी कोण टाकतं? त्यामुळे बाबांचं कुठलंही माप दुसऱ्याच्या टेपवर आखताना एक सोडून आखायचं. फक्त गुण्यावरचं तेवढं आहे तसं. आणि घरात मग ती म्हणच झाली. बाबा म्हणाले पाच जण येणार, तर आत्या चौघांचं रांधायची. बाबा म्हणाले दोन घास पुरेत, तर एकावरच उठायचे. घड्याळजी म्हणाले की असलं घड्याळ त्यांच्याकडे आलं असतं तर त्यांनी दुरुस्त करून टाकलं असतं. मी म्हटलं, काका, काही वस्तू दुरुस्त झाल्या की आपल्या राहत नाहीत.

तर लांब रिपा त्र्याऐंशी, आडव्या तेवीस, टेकू अठ्ठावीस आणि पाव. रविवारपासून कापते.

खोली कशी आहे ते कळवते, म्हणजे तुम्हाला मनात तरी येऊन बसता येईल. गॅलरीला लागून आहे. खिडकी पूर्वेला, सकाळी उन्हाची एक पट्टी थेट पलंगाच्या जागेवर पडते. मी सध्या तिथे खुर्ची ठेवली आहे आणि चहा तिथेच घेते. रोज वाटतं, ही जागा अडवून ठेवलीय कुणासाठी तरी. आता बघू म्हणू नका. तुमच्या बघूमधून एक सोडला तर काही उरत नाही. मे महिन्यात या.

आत्याच्या बोटांना आणि तुमच्या अंगठ्याला आराम पडो. मला विसरू नका, एवढंच मागणं.

आपली,
पाचर

——

ता. २० फेब्रुवारी

चि. पाचर हिस,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंगठा अजून ठणकतो, म्हणून अक्षर याही खेपेला आत्याचं. (कुणाला वाटेल मला हौसच आहे. — आत्या)

एक सांगायचं राहिलं. हातांवर फळी थेट ठेवू नकोस. रिपांच्या माथ्यावर टाकाऊ लाकडाच्या पातळ पट्ट्या बसव, आपण त्यांना मार खायच्या पट्ट्या म्हणायचो. करवतीचं पातं फळीखाली दोन सूतच बाहेर काढ, म्हणजे मार त्या पट्ट्या खातील आणि हात शाबूत राहतील. पट्ट्या खराब झाल्या की बदल. कुणीतरी मार खायला लागतोच, तो स्वस्तातला असावा.

कापण्याआधी फळीवर हात फिरव. कुठे ढेपाळते ते डोळ्यांना दिसण्याआधी तळव्याला कळतं.

मे महिन्याचं जमेल असं वाटत नाही. कारखाना उघडा टाकून येता येत नाही. दोन कपाटं आणि एक देवडीचं दार अंगावर आहे. शिवाय मला परक्या खोलीत झोप लागत नाही हे तुला ठाऊक आहे. पलंग कर, चांगला कर, पण तुझ्यासाठी कर. त्या खिडकीतलं ऊन तूच घे.

(इथे तो उठून दारापर्यंत जाऊन आला, म्हणून कागदावर जागा सुटली आहे. मी आपलं सुईत दोरा ओवून घेतला. — आत्या)

खोलीचं वर्णन आवडलं. गॅलरीला कठडा आहे ना? खोलीत शिरताना उंबरा आहे का? सहज विचारलं.

प्रकृती सांभाळ. लांबून का होईना, जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझे,
बाबा

——

ता. ८ मार्च

तीर्थस्वरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला आहे. मोठ्यानं वाचू नकोस.

काल हात जोडले. खाचेत खाच अशी बसली की घड्याळजींनी टाळी वाजवली. ठोकळा जबड्यात आवळला, सांगाडा छान ताठ राहिला. मग टेकू खाली सोडले, आणि काय सांगू! चारही टेकू हवेत. उंच खुर्चीवर बसवलेल्या पोरासारखे पाय लोंबकळत. फळी टाकली तर इकडे दाबली की तिकडे वर, तिकडे दाबली की इकडे वर. घड्याळजी म्हणाले की बागेत ठेवलं तर मुलं रांग लावतील. मीही पोट धरून हसले.

मग टेप लावला आणि हसू थांबलं. चारही टेकू कमी, आणि चारही नेमके एक इंचानं. एखादा सूतभर, एखादा दोन सूत असता तर म्हटलं असतं आपला हात चुकला. नेमका एक इंच चारदा चुकत नाही. तू म्हणशील, आधी आपल्याच बाकाची उंची मोजून बघायची होतीस. बघायची होती. पण बाबांच्या मापाला टेप लावून बघणं आजवर मला जमलेलं नाही.

मग ते पत्र परत काढलं. चौऱ्याऐंशी म्हणजे बरोबर सात फूट. चोवीस म्हणजे बरोबर दोन फूट. आत्या, बाबांनी आयुष्यात असे गोल आकडे सांगितले नाहीत! आपल्या टेपवर सात फूट म्हणजे पंच्याऐंशी. आणि एकोणतीस आणि पाव? बाबा पाव म्हणत नाहीत, दोन सूत म्हणतात. पाव तू म्हणतेस, ब्लाउजच्या मापाला.

ही मापं गळ्यात टेप टाकून फिरणाऱ्या माणसानं घेतली आहेत. म्हणजे तू घेतलीस. मग ती मी स्वतः घेतली असं बाबांनी का लिहवलं? अंगठ्याला पटाशी लागलेला माणूस टेप डाव्या हातानं धरू शकतो. आणि दोन महिने होत आले. एव्हाना अंगठा पेरला असता तरी उगवला असता. कारखाना उघडा टाकून येता येत नाही म्हणतात, आणि मला विचारतात खोलीला उंबरा आहे का. माझ्या घरात उंबरा असला तर बाबांना काय?

तू मला न्हाऊमाखू घातलंयस, माझ्याशी खोटं बोलू नकोस. काय झालंय त्यांना?

उत्तर लगेच टाक. तोवर मी ते टेकू तसेच लोंबते ठेवलेत.

तुझी,
पाचर

——

ता. १९ मार्च

चि. पाचर हिस,

आत्याचे अनेक आशीर्वाद.

सुटले बाई एकदाची. दोन महिने तोंडात पाणी धरून बसल्यासारखं झालं होतं.

त्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं दिसणं आधी गेलं, आपल्याला कळलंच नाही. दारांना धडकायला लागला तेव्हा मला वाटलं विचारात असतो. आता नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही धुरकट. डॉक्टर म्हणाले की गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. थेंब मी घालते, तिन्ही वेळा, आणि तो तिन्ही वेळा कुरकुरतो. अंगठ्याला काही झालेलं नाही. सव्वा वर्षात त्यानं लाकडाचा एक तुकडा कापलेला नाही. दोन कपाटं आणि देवडीचं दार या सगळ्या बाता.

पण कारखान्यात रोज जातो. चौदा पावलं, मोजून. झाडू मारतो. मग बाक उघडतो, हात जोडतो, त्या हातांच्या खाचा त्याला न बघता बसवता येतात. त्यावर एक जुनी फळी टाकतो आणि टोक धरून उभा राहतो. कापत नाही, काही नाही. तुझ्या बाजूचं टोक. एकदा मी न राहवून विचारलं की हे काय चाललंय, तर म्हणाला, पाचर इतकी वर्षं इथून काय बघायची ते बघतोय. डोळे मिटलेले होते.

तुला का कळवलं नाही ते ऐक. म्हणतो, कळलं तर ती सगळं सोडून परत येईल, आणि बसलेली पाचर उपटली की लाकूडही चिरतं. आणि तिकडे का जात नाही, तर म्हणतो, मी कापलं आणि तिनं धरलं, असं आमचं होतं, आता तिनं मलाच धरून फिरवायचं का? मी म्हटलं, मग त्यात काय बिघडलं. तर ताट सरकवून कारखान्यात निघून गेला. हट्टी तर जन्माचा आहे, मी मोठी बहीण असून मला कधी दाद दिली नाही.

आता मापांचं. मला त्यानं बजावलं होतं, तुझ्या टेपनं मोज आणि प्रत्येक मापात एक मिळव, म्हणजे पोरीला संशय येणार नाही. मी मोजलं. मिळवायचं राहिलं. विसरले म्हण, नाहीतर मुद्दाम म्हण, तुझं तू ठरव. तुला सांगणार नाही असं वचन त्यानं माझ्याकडून घेतलं होतं. बेरजेचं वचन घेतलं नव्हतं.

तुझी चार लाकडं वाया गेली असतील तर आत्याला माफ कर. काय करायचं ते शहाणपणानं कर, आणि रडत बसू नकोस. मी इथे दोघांचं रडून घेतलंय.

तुझी,
आत्या

——

ता. २ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्या हे तुम्हाला वाचून दाखवत असेल. तिच्यावर डोळे वटारू नका, तिनं आपणहून काही फोडलेलं नाही. आधी टेकूंनी सांगितलं, मग मी तिला खोदून विचारलं. तुमची मापं चारही पायांनी एक इंच खोटी निघाली.

मी खूप रागावले आहे. आठ दिवस इतकी रागावले होते की पत्र लिहायला बसले की कागद ओला व्हायचा. सव्वा वर्ष, बाबा! दर रविवारी बरं आहे, बरं आहे. त्या बऱ्यातून किती सोडायचं हे मला कळायला नको होतं का? तुम्ही तिथे फळीचं टोक धरून एकटे उभे, आणि मी इथे काका, फक्त धरा म्हणून परक्याच्या विनवण्या करते. एवढं मोठं अंतर मधे, आणि दोन्ही टोकांना आपणच.

आता ऐका. मी नोकरी सोडत नाही, परत येत नाही. पाचर जिथे बसलीय तिथेच आहे. तेव्हा ती भीती काढून टाका.

टेकू मी नवे केले नाहीत. प्रत्येकाच्या तळाला एक इंचाचा तुकडा चिकटवून स्क्रू मारला. चौघांना बूट घातल्यासारखे दिसतात. हात आता भुईवर ठाम उभे आहेत. फळी टाकली, एकटीनं कापली. दोन सूतच पातं बाहेर, मार पट्ट्यांनी खाल्ला. पलंगाच्या दोन्ही बाजू झाल्या, पायथा झाला, तळ झाला. सगळे कोपरे गोल करून घासलेत, कुठे नडगी लागली तरी खरचटणार नाही. खोलीला उंबरा नाही. गॅलरीचा कठडा माझ्या छातीपर्यंत आहे. दारापासून पलंग तुमच्या सहा पावलांवर, पलंगापासून खिडकी दोन, खिडकीपासून गॅलरी तीन. तुमचं पाऊल केवढं ते मला पाठ आहे, लहानपणी त्याच्याच मागे चालले मी. जमिनीवर मधे काही ठेवलेलं नाही, खुर्चीसुद्धा भिंतीला लावलीय.

एकच फळी राहिली आहे, उशाची. ती मुद्दाम ठेवलीय. हात धरतील, मला ठाऊक आहे, हात चांगले आहेत. पण ते सांगत नाहीत. शेवटची चार बोटं आली की ते नुसते गप्प उभे असतात. मला कुणीतरी सांगायला हवं की काप संपत आला, आता सावकाश.

तुम्ही म्हणालात म्हणे, आता तिनं मला धरायचं का. नाही बाबा. मला तुम्हाला धरायचं नाहीये. कापणारी मी आहे. मला धरायला माणूस हवंय. आणि धरायला डोळे लागत नाहीत, हे तुम्हीच मला दहाव्या वर्षी शिकवलंत.

या. आत्यासकट या. मी न्यायला येते, तारीख तेवढी कळवा. तुमच्या वाटेकडे कान आणि डोळे दोन्ही लावून बसले आहे.

आपली,
पाचर

——

ता. १४ एप्रिल

चि. पाचर,

आशीर्वाद.

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. अक्कानं, म्हणजे तुझ्या आत्यानं, कागदावर दोरे ताणून दिलेत, त्यांच्यामधून लिहितो. सुतार दोऱ्यानंच सरळ जातो.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिला वाचवेना, म्हणून मी पाठ म्हणून दाखवलं.

खोटं बोललो. चुकलो. तू गेलीस तेव्हापासून घरात मी सगळं एक सोडूनच मोजत आलो. ताटं, कप, दारातल्या चपला. टेप तुटला त्याचं काही वाटलं नव्हतं, पण ते मोजणं फार जड गेलं. तुला सांगितलं नाही. आज सांगतो.

सहा, दोन, तीन. रोज कारखान्यात तुझी खोली चालून बघतो. कालपासून न अडखळता जमतं.

मेच्या वीस तारखेला ये न्यायला. आम्ही दोघं येतो. अक्का तिचं शिवणाचं मशीन आणणार म्हणून अडून बसली आहे. मी टेप आणतो.

उशाची फळी कापायला घे हवं तर, पण शेवटची चार बोटं ठेव. तिथे थांब आणि हाक मार. या खेपेला समोर भिंत नसेल.

जीव लावून आहेसच, तसाच राहू दे.

तुझे,
बाबा